निराधाराचा ‘पगार’ : मावळातून एक आढावा

वडगाव मावळच्या तहसील कचेरीकडे निघालेली म्हातारी माणसं हातातल्या पिशवीवरून ओळखू येतात. किराणा दुकानातून आलेली प्लास्टिकची पिशवी, तोंडाशी गाठ, आणि पाऊस लागू नये म्हणून तिच्या आत आणखी एक पिशवी. मावळात चार महिने कागद कोरडा ठेवणं हे स्वतंत्र काम असतं. आत आधार कार्ड, पिवळं रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, दोन-चार फोटो. बाई विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, तोही लॅमिनेशन केलेला. तो कागद फाटला तर एवढ्या लांबून पुन्हा सगळी पायपीट.

कुठे निघालात विचारलं, तर उत्तर येतं, ‘पगाराचं बघायला.’ म्हाताऱ्यांचा पगार, विधवेचा पगार, निराधारचा पगार. सरकारी भाषेत याला अनुदान, अर्थसाहाय्य किंवा निवृत्तीवेतन म्हणतात. मला लोकांचा शब्द जास्त बरोबर वाटतो. जन्मभर दुसऱ्याच्या खाचरात लावणी केली, बंगल्याची बाग राखली, चिक्कीच्या कारखान्यात पुडे बांधले, त्या माणसाला उतारवयात महिन्याच्या महिन्याला काही मिळत असेल, तर तो पगारच आहे. मागे राहिलेला.

मावळ तालुक्यात आणि लोणावळ्यात ज्या सज्ञान माणसाला कमाई नाही किंवा जेमतेम आहे, त्याच्या हातात सरकारकडून रोख पैसा कोणता येतो, कोण देतं आणि कोणाच्या हातात काहीच पडत नाही, ते इथे पाहायचं आहे.

हा पैसा गावाचा नाही, इथून सुरुवात करावी लागते. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद आपल्या तिजोरीतून हा पगार देत नाही. पैसा राज्याच्या सामाजिक न्याय विभागाचा, काम महसूल खात्याचं. तहसील कचेरीत ‘संजय गांधी शाखा’ असते, ती नायब तहसीलदाराकडे असते, आणि अर्ज मंजूर की नामंजूर हे तालुका समितीत ठरतं. समितीचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे राजकीय नेमणुकीचा. तहसीलदार तिचा सचिव. नेमणुका लांबल्या की बैठका लांबतात, बैठका लांबल्या की पिशव्या घेऊन आलेली माणसं परत जातात. एका माणसाच्या जेवणाचा प्रश्न पक्षांच्या नेमणुकांशी बांधून ठेवलेला आहे, हे मला कधीच पटलेलं नाही.

मुख्य योजना दोन. संजय गांधी निराधार अनुदान योजना २ ऑक्टोबर १९८० रोजी सुरू झाली, अंतुले मुख्यमंत्री असताना. ती ६५ वर्षांखालच्यांसाठी : निराधार विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, दिव्यांग, क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, एचआयव्ही अशा आजारांनी हातपाय थकलेले, देवदासी, तृतीयपंथी, तुरुंगातल्या कैद्याची पत्नी. पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. यांच्या जोडीला केंद्राच्या वृद्ध, विधवा आणि दिव्यांग निवृत्तीवेतन योजना आहेत. केंद्राची वृद्धांची योजना १५ ऑगस्ट १९९५ला महिना ७५ रुपयांवर सुरू झाली. २००७मध्ये तिला इंदिरा गांधींचं नाव मिळालं तेव्हा केंद्राचा वाटा २०० रुपये होता, आणि ऐंशीच्या आतल्या वृद्धासाठी तो आजही २०० रुपयेच आहे. वरची भर राज्य घालतं म्हणून हातात पूर्ण रक्कम पडते.

ती रक्कम २०१९पर्यंत महिना ६०० रुपये होती. त्या वर्षी १,००० झाली, २०२३मध्ये १,५००. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५पासून २,५००. वाढ झाली, ती चांगली झाली. पण १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. शेजारच्या गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत महिना २,००० मिळतात. आंध्र प्रदेशात जुलै २०२४पासून वृद्धांना ४,००० आणि दिव्यांगांना ६,००० मिळतात, आणि आंध्र काही महाराष्ट्राहून श्रीमंत राज्य नाही.

रकमेपेक्षाही मला जास्त खटकतो तो पात्रतेचा आकडा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, तेही एका माणसाचं नव्हे, घराचं. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. घरातल्या एकाने ६८ दिवस काम केलं, की ते घर या मर्यादेबाहेर गेलं. केंद्राच्या २००५च्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. म्हणजे सरकारने स्वतः देऊ केलेलं काम पूर्ण केलं, तर सरकारच्याच दृष्टीने ते घर निराधार उरत नाही.

मग होतं काय? तलाठ्याच्या अहवालावरून उत्पन्नाचा दाखला २०,०००चा किंवा बरोबर २१,०००चा निघतो. अर्जदाराला ठाऊक असतं, तलाठ्याला ठाऊक असतं, समितीलाही ठाऊक असतं. खरं लिहिलं तर तालुक्यात पात्र माणूस सापडणं मुश्कील. सगळ्यांनी मिळून चालवलेल्या या खोट्याची किंमत मात्र गरिबालाच मोजावी लागते. ज्याची गावात ओळख आहे त्याचा आकडा बसतो, ज्याचं कोणाशी वाकडं आहे त्याला ‘तुझा पोरगा कंपनीत आहे ना?’ असा प्रश्न येतो. पोरगा चाकणला किंवा तळेगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर असतो, त्याचं स्वतःचं भाड्याच्या खोलीत भागत नसतं, आणि आईचा पगार त्याच्या नावावर अडतो.

जुलै २०२४मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा हा प्रश्न अधिकच उघडा पडला. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १,५००, आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. रक्कम तीच, मर्यादा जवळपास बारापट. संजय गांधी योजनेत १,५०० घेणाऱ्या विधवेला लाडक्या बहिणीचे पैसे मिळत नाहीत. तिच्या एकटेपणासाठी, आजारासाठी, मागे राहिलेल्या पोरांसाठी वेगळं काही उरलं नाही. आणि पुढची अडचण फार कमी लोकांच्या लक्षात आली आहे. नाणे मावळातल्या एखाद्या बाईच्या घरचं उत्पन्न वर्षाला साठ हजार आहे असं धरा. चौसष्टाव्या वर्षी तिला महिना १,५०० मिळतात. पासष्टी उलटली की लाडकी बहीण संपते आणि श्रावणबाळ योजनेच्या दारात तिला २१,०००ची अट भेटते. हातपाय खऱ्या अर्थाने थकतात त्याच वयात तिचा पैसा बंद होतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. दोन योजना दोन वेगळ्या काळात लिहिल्या गेल्या आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून कोणी वाचल्या नाहीत.

बायकांचं निदान असं आहे. पुरुषांचं काय? संजय गांधी योजनेच्या निकषांत ‘निराधार पुरुष’ असा शब्द आहे. पण निराधार असण्याचा पुरावा कोणता? विधवेजवळ मृत्यूचा दाखला असतो. दिव्यांगाजवळ ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असतं, ते काढायला औंधच्या जिल्हा रुग्णालयाचे हेलपाटे घातलेले असतात, पण शेवटी कागद असतो. लोणावळ्यात तीस वर्षं बंगल्यावर रखवाली केलेला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस समजा. मुंबईच्या मालकाने बंगला विकला, नव्या मालकाने सिक्युरिटी एजन्सी लावली, आऊटहाऊसची खोली सुटली. गुडघे दुखतात, पण प्रमाणपत्र मिळण्याइतके नाहीत. लग्न झालेलं नाही किंवा बायको वारली आहे. पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजून चार पैसे मिळतात, पाऊस ओसरला की तेही थांबतात. या माणसाने कोणत्या रकान्यात खूण करायची? पासष्टीला अजून सात वर्षं आहेत. आपल्या व्यवस्थेत माणसाला पैसे मिळतात ते तो विधवा, अपंग, आजारी किंवा म्हातारा असल्याबद्दल. नुसतं उत्पन्न नसणं हे कारण पुरत नाही.

ही वाटणी नवी नाही. १८७६-७८च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारी कामांवर मजुरी इतकी कमी केली गेली, की मजुरांनी काम नाकारलं; पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा सरकारला सविस्तर वृत्तांत पाठवून जाब विचारला होता. त्यानंतरच्या १८८०च्या दुष्काळ आयोगाने दोन कप्पे पक्के केले : अंगात ताकद आहे त्याला काम, नाही त्याला गावातच फुकट मदत. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने हेच दोन कप्पे फार मोठ्या मनाने भरले. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेला प्रयोग, १९७२च्या दुष्काळातली कामं, १९७७चा रोजगार हमी कायदा आणि २६ जानेवारी १९७९पासून त्याची अंमलबजावणी. त्यानंतर वीस महिन्यांत संजय गांधी योजना. राबू शकतो त्याला काम, राबू शकत नाही त्याला अनुदान. देशात असं दुसरं राज्य तेव्हा नव्हतं, आणि मराठी माणसाने याचा अभिमान जरूर बाळगावा.

मात्र या मांडणीत एक गृहीत धरलेलं आहे. धडधाकट माणसाला काम मिळेल, असं. लोणावळ्याच्या रखवालदाराला ते लागू पडत नाही, कारण केंद्राचा रोजगार हमी कायदा ग्रामीण भागापुरता होता. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे नगरपरिषदेत, आणि खुद्द वडगाव २०१८मध्ये नगरपंचायत झाल्यावर तिथेही, जॉबकार्डाला अर्थ राहिला नाही. गावाचं शहर झालं म्हणून सगळे खूश होते, पण शहर होताना मजुराच्या हातून हक्काचं काम गेलं, याची कुठे चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. मावळात हे पुढेही होत राहणार आहे. द्रुतगती मार्ग, कारखाने, गृहप्रकल्प यांनी गावं शहरात ओढली जात आहेत, आणि जमीन विकून झालेली माणसं उतारवयात त्याच जमिनीवरच्या सोसायटीत झाडू मारत आहेत.

ग्रामीण भागातही कागदाचा अडसर आहेच. केंद्राच्या योजनांना दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, आणि ग्रामीण भागाची ती यादी २००२च्या सर्वेक्षणावर उभी आहे. त्यानंतर लग्न होऊन वेगळं निघालेलं घर त्या यादीत येणार कुठून? कातकऱ्यांचं तर त्याहून अवघड. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, अशा माणसाने राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला आणायचा. तो या डोंगरांत सात-बाराच्या आधीपासून राहतो आहे.

गावाच्या स्वतःच्या पैशातून काहीच मिळत नाही असं मात्र नाही. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांनी स्वउत्पन्नातला ठरावीक हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पूर्वी तो ३ टक्के होता, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ५ टक्के झाला. बरीच गावं तो वर्षातून एकदा रोख किंवा थेट खात्यावर वाटतात. स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वतःच्या करातून गरजू माणसाला दिलेला पैसा म्हणाल, तर आपल्याकडे जवळपास एवढाच. यातही गावागणिक जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कारखान्यांचा कर मिळणाऱ्या नवलाख उंबऱ्यासारख्या गावाचे ५ टक्के वेगळे आणि आंदर मावळाच्या टोकाला असलेल्या खांडीचे ५ टक्के वेगळे. ज्या पंचायतीचं स्वउत्पन्न वर्षाला दोन लाख असेल, तिथे दिव्यांगांच्या वाट्याला दहा हजार येतात. दहा जण असले तर माणशी वर्षाला हजार. जिथे सर्वांत जास्त गरज, तिथेच तिजोरी सर्वांत लहान. लोणावळ्याची गोष्ट वेगळी असायला हवी. बंगले, हॉटेलं, रिसॉर्ट यांच्या मालमत्ता करावर उभी असलेली नगरपरिषद ठरवलं तर दिव्यांगांच्या पुढेही जाऊ शकते. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात दुर्बल घटकांचं हितरक्षण आणि शहरी दारिद्र्यनिवारण ही नगरपालिकांचीच कामं म्हणून लिहिलेली आहेत.

जगात असं कुठे होतं का? होतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, जिथे पुण्या-मुंबईची कितीतरी मराठी घरं आहेत, दुसऱ्या कुठल्याही योजनेत न बसणाऱ्या निर्धन माणसाला आधार देण्याची जबाबदारी कायद्याने काउंटीवर, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यावर टाकली आहे. विधवा नाही, अपंग नाही, लहान मूल पदरात नाही, फक्त पैसा नाही, एवढ्या कारणावर तिथे अर्ज घेतला जातो. पैसाही काउंटीचाच. मात्र तिथेही रक्कम वर्षानुवर्षं गोठते : लॉस एंजेलिस काउंटीत एकट्या माणसाला महिना २२१ डॉलर, ज्यात त्या शहरात खोलीसुद्धा मिळत नाही. स्थानिक तिजोरीवर सगळा भार टाकला की असंच होतं. म्हणून पैसा राज्याने द्यावा आणि माणूस शोधण्याचं, निवडण्याचं काम गावाने आणि नगरपरिषदेने करावं, असं माझं मत आहे. सध्या बरोबर उलटं चाललं आहे. गावाला माणूस माहीत आहे पण अधिकार नाही, आणि कचेरीला अधिकार आहे पण माणूस माहीत नाही.

आता मंजूर झालेल्या पगाराविषयी. डिसेंबर २०२४पासून हे पैसे डीबीटीने, आधारला जोडलेल्या खात्यावर थेट येतात. मधले हात कमी झाले, हे मान्य केलं पाहिजे. पण खांडीच्या एखाद्या आजींचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी मिळेल त्या गाडीने टाकवे, तिथून कान्हे फाटा, तिथून वडगाव. खात्याला आधार जोडलेलं आहे, पण पैसे दुसऱ्याच, कधीकाळी उघडलेल्या खात्यावर गेलेले असतात. ते कळायलाच एक फेरी जाते. दुसऱ्या फेरीत अंगठा. यंत्रावर अंगठा ठेवतात, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा, पुन्हा लाल दिवा. डाव्या हाताचा, मग तर्जनी. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७मध्ये इंद्रायणी तांदूळ दिला, मावळाचं नाव त्याने सगळीकडे गेलं. त्याची रोपं वर्षानुवर्षं चिखलात वाकून ज्या बोटांनी लावली, त्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. यंत्र म्हणतं, ही ती बाई नव्हे. ‘उद्या या’ ऐकून आजी परत फिरतात. येण्याजाण्याचं भाडं, बुडालेला दिवस, सोबत आलेल्या नातवाचा रोज हे सगळं त्या १,५००तूनच जातं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पगार थांबतो, आणि थांबल्याचं घरी येऊन कोणी सांगत नाही.

एक मदत मात्र पुष्कळांना माहीतच नसते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून घराला एकदाच २०,००० रुपये मिळतात. अपघाती मृत्यूच हवा अशी अट नाही. तेराव्यापर्यंत भेटायला येणाऱ्यांपैकी एकाने जरी हे सांगितलं, तरी त्या घराचे पहिले काही महिने निघतात.

एवढं सगळं पाहून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. २१,०००ची मर्यादा रद्द करून ती निदान लाडक्या बहिणीच्या बरोबरीला आणावी. एक सरकार एकाच तालुक्यात गरिबीची दोन मापं वापरू शकत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या, कमाई नसलेल्या माणसाला ग्रामसभेच्या किंवा वॉर्डसभेच्या ठरावावर निराधार मानावं, पुरुष असो की बाई. हयातीची नोंद तलाठ्याने किंवा पोस्टमनने घरी जाऊन करावी. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपरिषदेने दिव्यांग निधीचा जमाखर्च फलकावर लावावा. घटनेच्या ४१व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या चारही प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे. शेवटच्या तिन्हींसाठी आपण थोडंबहुत केलं. पहिल्यासाठी शहरात काहीच केलं नाही.

हे व्हायला वेळ लागेल, आणि पिशवी घेतलेली माणसं मात्र उद्याही कचेरीकडे निघतील. तुम्ही मावळात राहत असाल, मोबाईल वाचता येत असेल आणि आठवड्यात एक दिवस मोकळा असेल, तर आपल्या आळीतल्या एका आजी-आजोबांबरोबर त्या दिवशी वडगावला जा. त्यांचं आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे तेवढं आधी पाहून घ्या.